पाच अतिचार आणि दोन कुत्री



गेल्या पर्युषणात बस्तीत एक प्रसंग घडला. प्रवचन संपलं, सगळ्याजणी पायऱ्यांवर टेकल्या होत्या. मी घरून राजगिऱ्याच्या वड्या नेल्या होत्या, डबा फिरवला. तीस वर्षं ओळखीच्या असलेल्या एका अक्कांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हणाल्या, "तुमच्याकडे कुत्री आहेत ना हो? मग..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, मीही करायला लावलं नाही. शेजारच्या दोघींनी वड्या घेतल्या, एकीने पदराच्या टोकाला बांधून घेतली, ती खाल्ली की नाही मला ठाऊक नाही.

घरी येईपर्यंत मला राग आला होता. घरी आल्यावर पुरीने नेहमीप्रमाणे चपला हुंगल्या, राजाने पायावर डोकं ठेवलं आणि राग गेला. प्रश्न मात्र राहिला. गेली सहा वर्षं तो या ना त्या रूपात येतो, म्हणून आज एकदा नीट बसून लिहिते. जैनाच्या घरात कुत्रं असावं का? आणि असलंच, तर ते कसं असावं?

आधी ओळख करून देते. पुरी पुरात आली म्हणून पुरी. नाव नातवाने ठेवलं. ऑगस्ट २०१९ तुम्हाला आठवत असेलच. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या खालच्या मजल्यात छातीएवढं पाणी आणि आम्ही सहा माणसं वरच्या मजल्यावर. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर एक चार-पाच महिन्यांची तांबूस कुत्री थरथरत बसलेली. कुठून पोहत आली कोण जाणे. हाकलायला जागाच नव्हती, चहूकडे पाणी. आमच्याकडे चुरमुरे, शेंगदाणे आणि भिजलेली भाकरी होती, त्यातलं तिला दिलं. पाणी ओसरलं, ती गेली नाही.

राजा दोन वर्षांपूर्वी आला. डॉबरमन जातीचा, आठ-नऊ वर्षांचा. गावाबाहेरच्या एका बंगल्यात गेटजवळ साखळीला होता. मालकांनी घर विकलं आणि साखळी सोडून दिली. कान कापून उभे केलेले, शेपूट बुडातून छाटलेलं, गळ्याभोवती केस गेलेली जखमेची गोल रेघ. ओळखीच्या मुलांनी उचलून आणला आणि "काकी, चार दिवस ठेवा" म्हणाले. चार दिवस अजून संपलेले नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे येते. समोरच्याचं म्हणणं आधी मांडावं, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. त्या अक्कांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. आपल्या श्रावकाचाराच्या ग्रंथांत मांजरासारखे हिंसक प्राणी पाळणं अनर्थदंडात धरलं आहे, म्हणजे विनाकारण ओढवून घेतलेलं पाप. कारणही सरळ आहे. असा प्राणी ठेवला की त्याच्यासाठी मांस आणणं आलं, किंवा तो शिकार करणार आणि ते आपल्या खाती येणार. हे मला मान्य आहे. म्हणूनच शौक म्हणून पिल्लू विकत आणायच्या मी विरोधात आहे. दुकानातून जातिवंत पिल्लू आणायचं म्हणजे त्याच्या आईला वर्षानुवर्षं पिंजऱ्यात वीत राहायला लावणाऱ्या धंद्याला पैसे देणं. मांजरही जैनांनी पाळू नये असं माझं मत आहे. मांजर पूर्ण मांसाहारी जीव आहे. टॉरीन नावाचं पोषकद्रव्य तिला अन्नातूनच लागतं आणि ते वनस्पतीत जवळजवळ नसतं. त्यावाचून तिचे डोळे आणि हृदय बिघडतं. तिला दूध-भातावर ठेवणं म्हणजे दयेच्या नावाने उपाशी मारणं.

कुत्र्याचं तसं नाही. हजारो वर्षं माणसाजवळ राहून, त्याचं उरलंसुरलं खाऊन त्याचं शरीर बदललं. २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात शास्त्रज्ञांनी दाखवलं, की लांडग्याच्या मानाने कुत्र्यात पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती पुष्कळ जास्त असतात. आपल्या भाकरीने त्याला आपलंसं केलं, असं म्हटलं तरी चालेल. तेव्हा नीट आखलेल्या शाकाहारावर कुत्रं जगू शकतं. पण "नीट आखलेल्या" या दोन शब्दांत सगळं आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

दुसरी गोष्ट त्या अक्कांनाही पाठ असेल, जीवंधरकुमाराची. वादीभसिंहांच्या क्षत्रचूडामणीत ती आहे. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून काहींनी एका कुत्र्याला मरेस्तोवर मारलं. जीवंधर तिथून जात होता. त्याने त्या मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव सुदर्शन नावाचा यक्ष झाला. पाठशाळेत ही गोष्ट आपण सांगतो ती मंत्राचं माहात्म्य म्हणून. मला हल्ली तिची दुसरी बाजू दिसते. अन्न विटाळलं म्हणून मारणारे तिथे होते आणि त्याच कुत्र्याजवळ गुडघे टेकून बसणाराही तिथे होता. ग्रंथकर्त्याने नायक कुणाला केलं ते आपल्यासमोर आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट लिहिते, म्हणजे गैरसमज नको. मुनिमहाराजांच्या आहाराचे नियम बदला असं मी म्हणत नाही. पुरी घरात राहिली तेव्हापासून आमच्या घरी चौका लागलेला नाही. आहारदानाला मी जाऊबाईंकडे जाते, आदल्या दिवशी तिथेच राहते, तिथल्या विहिरीच्या पाण्याने आंघोळ करते, सोवळ्याचं नेसते आणि मग चौक्यात शिरते. याचं मला दुःख होतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून चातुर्मासात आमच्या दारी पडगाहन व्हायचं, ते बंद झालं. एका आर्यिका माताजींना मी हे सांगितलं होतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "जे सोडलंस ते ज्याच्यासाठी सोडलंस, त्याला तरी नीट सांभाळ." माझ्या मते त्यांनी मला सूटही दिली नाही आणि दोषही दिला नाही. कामाला लावलं.

नीट सांभाळायचं म्हणजे काय? इथे मला आपलं तत्त्वार्थसूत्र उपयोगी पडलं. दशलक्षण पर्वात रोज एक अध्याय वाचतो, सातव्या दिवशी सातवा. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतका भार लादणं, आणि अन्नपाणी तोडणं. चाळीस वर्षं मी हे घोकत आले आणि मला वाटायचं, हे बैलगाडीवाल्यांसाठी लिहिलंय. राजा आला त्या वर्षी सातव्या दिवशी वाचता वाचता मी थांबले. पाचही गोष्टी माझ्या अंगणात, एका कुत्र्याच्या अंगावर लिहिलेल्या होत्या.

आणखी एक गंमत. आपल्या देशाचा १९६० सालचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या ११व्या कलमात गुन्ह्यांची यादी आहे. मारणं, जादा ओझं लादणं, अवयव तोडणं, फार आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं, पुरेसं अन्न-पाणी-निवारा न देणं. म्हणजे आचार्य उमास्वामींनी श्रावकाला जे सांगितलं, तेच दीड हजारांहून अधिक वर्षांनी संसदेने सगळ्यांना सांगितलं. कायद्यात एक जास्तीचं आहे, जनावर वाऱ्यावर सोडून देणं हाही गुन्हा. राजाच्या मालकांना हे कुणी सांगायला हवं होतं.

आता एकेक घेते, कारण कुत्र्याला वळण लावायचं म्हणजे हे पाच अतिचार टाळून वळण लावायचं, असं माझं अनुभवाअंती झालेलं मत आहे.

बंध. "कुत्रं बांधून ठेवलं की प्रश्न मिटला" असं आपल्याकडे मानतात. उलट बांधलेलं कुत्रं जास्त चावरं होतं. त्याला पळून जाता येत नाही, मग भीती वाटली की दातच उरतात. राजा पहिल्या आठवड्यात दारातून कुणी आलं की अंगावर धावायचा. आम्ही साखळी टाकून दिली, छातीला बांधायचा कापडी पट्टा आणला आणि दोर फक्त बाहेर फिरताना वापरला. घरात त्याला एक कोपरा दिला, जुनी सतरंजी आणि पाण्याचं भांडं. तिथे तो असला की कुणी त्याला हात लावायचा नाही, नातवानेसुद्धा नाही. जाता येण्याची जागा मिळाली आणि धावणं पंधरा-वीस दिवसांत कमी झालं. पाहुणे येतात तेव्हा आजही तो आपणहून उठून कोपऱ्यात जातो.

त्याची दुसरी अडचण म्हणजे एकटं राहणं. सोडून दिलेलं कुत्रं, आपण नजरेआड झालो की त्याला वाटतं, झालं, परत सोडलं. मी मंदिरात गेले की तो दार ओरबाडून रडायचा, शेजारी तक्रार घेऊन यायचे. मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं उलटली, पण खतावणीची सवय गेलेली नाही. एक वही घेतली, तारीख आणि सेकंद असे दोन रकाने आखले. पहिल्या दिवशी दाराबाहेर दहा सेकंद उभी राहिले आणि तो रडायच्या आत परत आले. मग वीस, मग तीस. रडला तर दुसऱ्या दिवशी आकडा निम्म्यावर आणायचा. बारा दिवसांत पाच मिनिटं झाली, चाळीस दिवसांत अर्धा तास. आता अभिषेक, पूजा, प्रवचन सगळं होऊन येते तेव्हा हा पठ्ठ्या झोपलेला असतो. ह्यांनी त्या वहीला हसून घेतलं, पण शेवटी शेजाऱ्यांना दाखवायला त्यांनीच ती नेली.

वध. मारण्याबद्दल मला सर्वात जास्त बोलायचं आहे, कारण आपण "मी नाही हो मारत" म्हणतो आणि दारातल्या कुत्र्यावर लाटणं उगारतो. पुरी लहान होती, घरात शी-शू करायची. कुणी सांगितलं, नाक त्यात घास आणि एक चापट दे. मी एकदा दिली. पुढे काय झालं सांगू? तिने घाण करणं सोडलं नाही, माझ्यासमोर करणं सोडलं. पलंगाखाली, दिवाणामागे जाऊन करू लागली. तिला एवढंच कळलं होतं, की ही बाई असताना करायचं नाही. चापट मारून मी तिला लपायला शिकवलं.

मग रीत बदलली. झोपून उठली की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळली की बाहेर. बाहेर केलं की तिथल्या तिथे शाबासकी आणि पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा. हा "तिथल्या तिथे" महत्त्वाचा. घरात येऊन डबा उघडून दिलं, तर तिला वाटतं घरात आल्याचं बक्षीस मिळालं. एक-दोन सेकंदांत मिळालं पाहिजे, म्हणून मी परकराच्या शिवलेल्या खिशात तुकडे ठेवायचे. घरात चुकून झालं, तर न बोलता व्हिनेगरच्या पाण्याने पुसून टाकायचं, म्हणजे वास राहत नाही. तीन आठवड्यांत काम झालं.

हेच सगळ्या शिकवण्याचं सूत्र आहे. जे हवं ते घडलं की लगेच फळ द्यायचं, जे नको त्याचं फळ मिळू द्यायचं नाही. अंगावर उडी मारली तर पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर आले की बोलायचं. कर्म आणि फळ यांचं नातं आपल्याला कुणी शिकवायला नको! फरक इतकाच, की कुत्र्याला पुढच्या जन्माचं फळ कळत नाही, पुढच्या सेकंदाचं कळतं.

छेद. राजाचे कान आणि शेपूट कुणी कापले, ते "रुबाबदार दिसतं" म्हणून. शेपूट ही कुत्र्याची अर्धी भाषा. राजा आनंदात आहे की घाबरलाय, हे दुसऱ्या कुत्र्यांना कळत नाही, म्हणून सुरुवातीला रस्त्यात भांडणं व्हायची. ते सोसणं त्याच्या वाट्याला आलं, करणारा भलताच.

इथे एक अवघड गोष्ट येते, ती टाळून चालणार नाही. नसबंदी हाही छेदच की! आपल्यातल्या काहीजणींचा तिला विरोध आहे. मी पुष्कळ विचार केला आणि पुरीची शस्त्रक्रिया करून घेतली. कारण तिला पिल्लं झाली असती, तर वर्षातून दोन वेळा चार-सहा जीव, त्यातले बहुतेक रस्त्यावर गाडीखाली किंवा रोगाने तडफडून गेले असते. आपल्यासाठी कापणं आणि त्याच्यासाठी कापणं यात मला फरक दिसतो. पण दोष शून्य आहे असंही मी म्हणत नाही. तो माझ्या नावे मांडला आहे आणि प्रतिक्रमणात तो मी म्हणते.

गोचिड्यांचंही तसंच. हा प्रश्न मला सर्वांत जास्त जाळतो. कुत्र्याला गोचीड झाली की गोचीड-तापाने ते मरू शकतं, आणि औषध दिलं की गोचिड्या मरतात. गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायची असते; आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा होते ती कमीत कमी ठेवायची असते, हे आपण शिकलो आहोत. मी त्यातून एवढाच मार्ग काढला, की गोचीड होऊच नये यासाठी झटायचं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं दोघांना बारीक कंगव्याने विंचरते, अंथरूण आठवड्याला उन्हात टाकते, अंगणात पालापाचोळा साठू देत नाही. डॉक्टर ऋतूप्रमाणे औषध देतात ते मी नाकारत नाही. ज्या बाईला यावर माझ्याहून शुद्ध उपाय सापडला असेल, तिने मला जरूर कळवावा.

अतिभारारोपण. कुत्र्याच्या पाठीवर आपण गोणी ठेवत नाही, मग भार कसला? अपेक्षांचा. वाचवलेलं कुत्रं आणलं की दुसऱ्याच दिवशी आपल्याला ते "शेकहँड" करणारं हवं असतं. सगळे नातेवाईक बघायला येतात, मुलं गळ्यात पडतात. प्राणी वाचवणारे लोक एक हिशेब सांगतात, तो मला दोन्ही वेळा बऱ्यापैकी खरा वाटला : पहिले तीन दिवस ते नुसतं भेदरलेलं असतं, तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम त्याला कळतो, आणि तीन महिन्यांनी ते घर आपलं मानतं. पहिले तीन दिवस त्याला एकटं सोडा. खा-प्यायला द्या, फिरवा, बाकी काही मागू नका.

दिवाळीचे फटाके हा दुसरा भार. भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या पहाटे आपण निर्वाणलाडू चढवतो आणि त्याच पहाटे आपलीच मुलं माळा लावतात. पुरी न्हाणीघरात तोंड खुपसून बसते, तिचं हृदय हाताला लागतं इतकं धडधडतं. किड्यामुंग्यांचं तर विचारूच नका. आमच्या वाड्यात आता फटाके नाहीत. पुरीमुळे नातवाने सोडले, माझ्या उपदेशाने सोडले नव्हते.

शेवटचा अतिचार अन्नपाननिरोध, आणि इथे आपण जैन बायकांनी सर्वांत जास्त सावध राहायला हवं. शिकवताना उपाशी ठेवायचं, म्हणजे तुकड्यासाठी ऐकेल, असं सांगणारे आहेत. तसं करू नये. पुरी उपासमारीतून आली होती, तिच्या वाटीजवळ कुणी गेलं की गुरगुरायची. मोठ्यांनी सांगितलं, वाटी काढून घे, म्हणजे मालक कोण ते कळेल. मी उलट केलं. ती खात असताना दुरून जायचं आणि वाटीत काहीतरी चांगलं टाकून निघून जायचं. महिन्याभरात मी जवळ गेले की ती शेपूट हलवू लागली. देणाऱ्या हातावर कुणी गुरगुरत नाही.

पण अन्न तोडणं एवढ्यापुरतंच नाही. चुकीचं अन्न देणं हाही अन्ननिरोधच. "आमच्या मोत्याला मी दूध-पोळी घालते, मस्त राहतो" असं म्हणणाऱ्यांची कुत्री दोन वर्षांत केस गळून, हाडं ठिसूळ होऊन बसलेली मी पाहिली आहेत. नुसत्या डाळ-भाकरीवर कुत्रं ठेवू नका. मी सुरुवातीलाच पशुवैद्यांना सांगितलं, "मांस आणि अंडं घरात येणार नाही, यात बसेल असं सांगा. बसत नसेल तर तसं सांगा, मी त्याला दुसरं घर बघीन." हे म्हणायची तयारी असेल तरच जैन घराने कुत्रं ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. आपलं व्रत आपलं आहे, ते त्याच्या तब्येतीच्या किमतीवर पाळायचं नाही.

पुरीला बाजारात मिळणारं, पिशवीवर संपूर्ण आहार असं स्पष्ट लिहिलेलं शाकाहारी खाद्य आणि त्यात उकडलेला लाल भोपळा, थोडं दही असं चालतं. राजाचं जड गेलं. तो मांसावर वाढलेला आणि डॉबरमन जातीला हृदयाचा आजार जास्त होतो. म्हणून डॉक्टरांनी त्याचं खाद्य तीन आठवड्यांत हळूहळू बदललं, वर टॉरीनची पावडर दिली, ती कारखान्यात तयार होते, मांसातून काढावी लागत नाही. सहा महिन्यांनी रक्त आणि हृदय तपासतो. आजवर ठीक आहे. ज्या दिवशी ठीक नसेल, त्या दिवशी मला पुन्हा विचार करावा लागेल, आणि त्या दिवसाची मला भीती वाटते हे कबूल करते.

आपल्या स्वयंपाकघराचा एक फायदा मात्र सांगते. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी, त्याच्या रक्तपेशी मोडतात. ते आपल्याकडे मुळातच नाहीत! पण सांगलीकरणींनो, बेदाणा सांभाळा. द्राक्ष, बेदाणा, मनुका यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, अगदी थोड्यानेही. आपल्या घरात शिऱ्यात बेदाणा, लाडवात बेदाणा, पाहुण्याच्या मुलाच्या मुठीत बेदाणा. आमच्याकडे तो आता वरच्या फळीवर झाकणाच्या डब्यात असतो. चॉकलेटही देऊ नका.

आणि वेळेचं म्हणाल, तर दोघंही आमच्याबरोबर सूर्यास्ताच्या आत जेवतात. सकाळी आठ आणि संध्याकाळी साडेपाच. कुत्र्याला ठरलेली वेळ फार आवडते. रात्री कुणी आलं आणि काही पुढे केलं, तर हुंगून घेतात, एवढंच.

आता दारातल्या कुत्र्यांबद्दल दोन शब्द. आपण पुण्य म्हणून पोळ्या टाकतो आणि दार लावून घेतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आधी सगळ्यांना निवाऱ्यात न्या असा आदेश दिला आणि मग तो बदलून नसबंदी, लसीकरण करून त्याच भागात सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नका, आणि खायला ठरलेल्या जागीच घाला असं सांगितलं. त्यावरून घराघरांत भांडणं झाली. माझं म्हणणं असं, की शेजाऱ्याच्या लेकराला वाटणारी भीती हाही जीवच सोसतो. त्याच्या दारात पोळी टाकून आपण पुण्य घ्यायचं आणि धोका त्याच्या गळ्यात घालायचा, हे बरोबर नाही. ज्याला खायला घालता त्याची लस आणि नसबंदी करून घ्या, मुलांच्या वाटेवर घालू नका. आणि कुणाला चावलंच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपली हळद कितीही चांगली असली तरी कुत्र्याच्या चाव्यावर हळद, चुना, तिखट काही लावू नका. रेबीज झाला की औषध नाही, लस आधीच हवी.

खर्च विचाराल, तर वहीत आहे. लस, तपासण्या, खाद्य सगळं धरून दोघांचं महिन्याला साधारण साडेसहा हजार. मी दोन वर्षं साडी घेतली नाही असं म्हटलं तर ह्यांना खोटं वाटेल, पण सोनं घेतलं नाही हे खरं. परिग्रह तेवढा कमी झाला.

ज्यांच्या मनात कुत्रं आणायचं असेल त्यांनी आधी स्वतःला विचारावं : पुढची दहा-बारा वर्षं मी याला देऊ शकते का? घरातल्या सगळ्यांची संमती आहे का? मार न देता शिकवायचा धीर आहे का? आणि माझं व्रत आणि त्याची तब्येत यात ओढाताण झाली, तर मी खोटं न बोलता वागेन का? एकाचंही उत्तर नाही असेल तर आणू नका. पांजरपोळाला देणगी द्या, एका रस्त्यावरच्या कुत्रीच्या नसबंदीचे पैसे भरा, उन्हाळ्यात दारात पाण्याचं भांडं ठेवा. तेही काही कमी नाही.

पुरी आता सहा वर्षांची झाली. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती थांबते, आत येत नाही. "थांब" हा शब्द शिकवायला अडीच महिने लागले. मी सामायिकाला बसते तेव्हा दाराबाहेर सतरंजीवर दोन घटका पडून राहते, मी उठले की उठते. परवा तीच अक्का काही कामाने घरी आल्या होत्या. दोघी उंबऱ्याच्या अलीकडे बसलेल्या पाहून म्हणाल्या, "आत येत नाहीत होय?" मी म्हटलं, "नाही येत." त्यांनी पाणी मागितलं. मी गाळून दिलं, त्यांनी घेतलं.

वड्या मी या वर्षीही नेणार आहे.

जय जिनेंद्र.